कंटेनरमधून मराठी पुस्तिका बांधताना: साध्या मजकुरापासून पीडीएफपर्यंत

मागे एका संस्थेसाठी आम्ही तिघांनी मिळून एका सॉफ्टवेअरची मराठी वापरपुस्तिका लिहिली. मजकूर एकच होता, फाइलीही त्याच होत्या, पण पीडीएफ तिघांच्या संगणकांवर तीन तऱ्हांची निघायची. माझ्याकडे ठीक. एकाकडे ‘किंमत’मधली वेलांटी ‘क’ सोडून भलतीकडेच बसलेली. तिसऱ्याकडे पीडीएफ विनातक्रार तयार व्हायची आणि उघडली की मराठी मजकुराच्या जागी पांढरा कागद. तिघांकडे टेकच्या, म्हणजे पानं जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या आवृत्त्या वेगळ्या, फॉन्ट वेगळे. दोष शोधायचा तरी कुठे? शेवटी पुस्तिका बांधायला लागणारी सगळी अवजारं आणि फॉन्ट एका कंटेनर इमेजमध्ये भरले, तेव्हा कुठे तिघांकडे एकसारखी पानं यायला लागली.

ती वाट पहिल्यांदाच धरणाऱ्यांसाठी हा लेख आहे. टर्मिनल उघडून एखादी आज्ञा टाइप करता येत असेल तर तेवढी तयारी पुरे. एक खुलासा आधीच करायला हवा: आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायची. डॅश, कोलन, तिरकी रेघ ही चिन्हं दिसतात तशीच. मोठी अक्षरं लागतील तिथे तसं सांगितलं आहे.

कशातून काय बनतं

मूळ मजकूर आपण मार्कडाउनमध्ये लिहिणार. मार्कडाउन म्हणजे साधी मजकूर फाइल. मथळ्याआधी हॅशचं चिन्ह, यादीच्या ओळीआधी डॅश, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे, एवढंच. जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये ही पद्धत मांडली. नोटपॅडमध्येही ती लिहिता येते आणि दोन आवृत्त्यांमध्ये नेमकी कोणती ओळ बदलली हे गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, स्पष्ट दिसतं. वर्डच्या फाइलीत ते इतकं सहज दिसत नाही.

या मजकुराचं रूपांतर पॅनडॉक करतो. हा प्रोग्राम जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केला. ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. एकाच मार्कडाउन फाइलीतून पॅनडॉक वेबपान, ईपब (ई-पुस्तक), वर्ड फाइल आणि पीडीएफ असं सगळं काढून देतो. पीडीएफ मात्र तो नेहमीच्या मांडणीत स्वतः बनवत नाही. तो मजकूर लाटेकच्या भाषेत लिहितो आणि पुढचं पानांचं काम टेककडे सोपवतो. टेक हे डोनाल्ड कनुथ यांचं, १९७८ पासूनचं काम. लाटेक हा लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर चढवलेला थर. दोन्ही नावांच्या शेवटी टाइप करताना रोमन एक्स येतो, कारण ते मुळात ग्रीक ‘काय’ हे अक्षर आहे. पुढे आज्ञा लिहिताना हे लक्षात ठेवा.

टेकची पूर्ण मांडणी संगणकावर कित्येक जीबी जागा खाते आणि तिची नवी आवृत्ती दरवर्षी येते. तिघांनी तीन वेगवेगळ्या वर्षी ती बसवली असेल, तर आमच्यासारखी गत होते. कंटेनरचा उपयोग इथेच आहे. इमेज म्हणजे अवजारं, त्यांच्या आवृत्त्या, फॉन्ट असं सगळं एकदाच गोठवून ठेवलेला संच. ती चालवली की जे चालतं त्याला कंटेनर म्हणतात. मोदकाचा साचा आणि मोदक यांच्यात जे नातं, तेच इथे: साचा एकच राहतो, मोदक दरवेळी नवा. काम झालं की कंटेनर टाकून द्यायचा. इमेज जशीच्या तशी राहते.

बसवणी

इमेज बांधणारा आणि कंटेनर चालवणारा प्रोग्राम म्हणजे डॉकर. विंडोज किंवा मॅकवर डॉकर डेस्कटॉप बसवा. विंडोजवर तो डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय मागतो. बसवतानाच तशी सूचना येते, ती मान्य करा. व्यक्तिगत वापर, शिक्षण आणि लहान उद्योग यांना तो फुकट आहे. २५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी, किंवा वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपनीत मात्र पैसे भरावे लागतात, म्हणून कचेरीच्या संगणकावर बसवण्याआधी विचारून घ्या. लिनक्सवर डॉकर इंजिन पुरतं. पॉडमन हा दुसरा चांगला पर्याय आहे. बहुतेक आज्ञांत ‘डॉकर’च्या जागी ‘पॉडमन’ लिहिलं की काम भागतं.

बसवल्यावर ‘डॉकर रन हॅलो-वर्ल्ड’ ही आज्ञा द्या. अभिवादनाचा छोटासा इंग्रजी मजकूर आला की पुढे चला. तो आला नाही तर पुढचं काहीच चालणार नाही, म्हणून इथे घाई नको.

फाइलींची मांडणी

एक फोल्डर करा, समजा ‘पुस्तिका’. त्यात प्रकरणांच्या फाइली ०१, ०२ अशा आकड्यांनी सुरू होणाऱ्या नावांच्या ठेवा, म्हणजे क्रम आपोआप लागतो. शेवटी ‘.एमडी’. चित्रांसाठी ‘चित्र’ आणि फॉन्टसाठी ‘फॉन्ट्स’ असे दोन उपफोल्डर. फाइलींची नावं रोमन, लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवा. हा नियम जाचक वाटेल, पण त्याला कारण आहे. विंडोजवर फोटोच्या नावातलं अक्षर लहान की मोठं याने फरक पडत नाही. कंटेनरच्या आत लिनक्स असतो आणि तिथे पडतो. कॅमेऱ्याने मोठ्या अक्षरांत ‘जेपीजी’ लिहिलं आणि तुम्ही मजकुरात लहान अक्षरांत लिहिलं, तर तुमच्या संगणकावर दिसणारं चित्र कंटेनरमध्ये सापडेलच असं नाही.

आधी वेबपान

पीडीएफकडे एकदम धावू नका. पहिली आज्ञा वेबपानासाठी देऊ, म्हणजे कंटेनरचा भाग जमला की नाही ते कळेल. ‘पुस्तिका’ फोल्डरमध्ये जाऊन टर्मिनल उघडा आणि हे तुकडे एकाच ओळीत, मध्ये एकेक जागा सोडून, याच क्रमाने टाइप करा.

सुरुवातीला ‘डॉकर रन’. मग ‘--आरएम’, काम संपताच कंटेनर पुसून टाक, असा त्याचा अर्थ. तो विसरलात तर वापरून झालेले कंटेनर मागे साचत जातात.

मग ‘-व्ही’ आणि त्यापुढे दुहेरी अवतरणात तुमच्या फोल्डरचा पत्ता, कोलन, ‘/डेटा’. हा तुकडा नीट समजून घ्या, नवख्यांचे निम्मे घोटाळे इथेच होतात. कंटेनरला तुमचा संगणक दिसत नाही. तुम्ही जे फोल्डर या तुकड्यातून त्याच्या हाती देता तेवढंच त्याला दिसतं, तेही ‘/डेटा’ या नावाने. पॅनडॉकच्या अधिकृत इमेज काम सुरू करतात तेच मुळी ‘/डेटा’मध्ये. लिनक्स आणि मॅकवर पत्त्याच्या जागी डॉलरचं चिन्ह आणि लगेच साध्या कंसात ‘पीडब्ल्यूडी’ लिहा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये तोच शब्द महिरपी कंसात. चालू फोल्डरचा पत्ता आपोआप भरला जातो. मजकुरात दोन टिंबं देऊन वरच्या फोल्डरमधलं चित्र मागवलंत, तर ते मिळणार नाही. ते फोल्डर तुम्ही आत दिलेलंच नाही. फेडोरासारख्या लिनक्सवर परवानगी नाकारल्याचा निरोप आला, तर ‘/डेटा’पुढे ‘:झेड’ जोडा, लहान अक्षरात.

लिनक्सवर डॉकर वापरत असाल तर आणखी एक तुकडा: ‘--यूजर’, आणि त्यापुढे तुमचा वापरकर्ता क्रमांक, कोलन, गट क्रमांक. दोन्ही आकडे ‘आयडी’ या आज्ञेने दिसतात. हा तुकडा नसेल तर तयार झालेल्या फाइलीची मालकी ‘रूट’कडे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याकडे जाते आणि स्वतःचीच पुस्तिका पुसायला परवानगी मागावी लागते. साध्या वापरकर्त्याच्या हक्कांनी चालणाऱ्या पॉडमनला याची गरज नाही.

आता इमेजचं नाव: ‘पॅनडॉक/कोअर:३.६’. कोलननंतरचा आकडा म्हणजे टॅग. तो न लिहिता आज्ञा दिली तर डॉकर ‘लेटेस्ट’ समजतो, आणि ‘लेटेस्ट’ आज एक असतं, सहा महिन्यांनी दुसरंच. आपण कंटेनर वापरतोय ते हा बदल टाळण्यासाठी. तेव्हा आकडा लिहाच. डॉकर हब या तयार इमेजच्या संकेतस्थळावर इमेजच्या पानावर टॅगची यादी असते. तिथला एक निवडा आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहा.

शेवटी पॅनडॉकला द्यायच्या सूचना: प्रकरणांच्या फाइलींची नावं, ‘-एस’, ‘-ओ’ आणि ‘पुस्तिका.एचटीएमएल’. ‘पॅनडॉक’ हा शब्द पुन्हा लिहायचा नाही. ती इमेज चालली की थेट पॅनडॉकच सुरू होतो. ‘-एस’मुळे तुकडा न येता पूर्ण वेबपान बनतं. शीर्षक दिलेलं नाही अशी तक्रार येईल, ती सध्या सोडून द्या. फाइल ब्राउझरमध्ये उघडा. मराठी नीट दिसेल, कारण अक्षरं जुळवण्याचं काम इथे ब्राउझर करतो.

पीडीएफ आणि आपली लिपी

आता इमेज बदला: ‘कोअर’च्या जागी ‘लाटेक’. ती शेकडो एमबींची आहे, पहिल्यांदा उतरायला वेळ लागेल; मोबाइलच्या डेटावर असाल तर वायफाय मिळेपर्यंत थांबा. ‘-ओ’पुढे ‘पुस्तिका.पीडीएफ’ लिहा आणि चालवा.

चूक येईल. क हे अक्षर, यू+०९१५, लाटेकसाठी तयार केलेलं नाही, अशा अर्थाचा इंग्रजी निरोप दिसेल. घाबरू नका. पॅनडॉक न सांगता ‘पीडीएफलाटेक’ हे जुनं इंजिन वापरतो आणि त्याला देवनागरी येत नाही. आज्ञेत ‘--पीडीएफ-इंजिन=झीलाटेक’ वाढवा. झीलाटेकची रोमन अक्षरं अशी: एक्स, ई, एल, ए, टी, ई, एक्स.

आता पीडीएफ बनेल आणि कोरी निघेल. आमच्या तिसऱ्या मित्राचा पांढरा कागद तो हाच. झीलाटेकला देवनागरी समजते, पण त्याच्या ठरलेल्या लॅटिन मॉडर्न फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. टर्मिनलवर ‘मिसिंग कॅरेक्टर’ असे इशारे ओळीने दिसतात, पण इशारा म्हणजे चूक नव्हे, म्हणून पीडीएफ तयार होते. टर्मिनलवरचे इशारे वाचायची सवय इथूनच लावून घ्या.

तेव्हा फॉन्ट आत न्यायला हवा. मी ‘शोभिका’ वापरते. आयआयटी मुंबईत तयार झालेला हा मुक्त परवान्याचा फॉन्ट आहे. त्यात देवनागरीची १६०० हून जास्त चिन्हं आहेत आणि ११०० हून जास्त जोडाक्षरांची सोय आहे. सोबत रोमन अक्षरंही आहेत, त्यामुळे मराठी वाक्यात आलेला इंग्रजी शब्द गायब होत नाही. गिटहब या संकेतस्थळावरून त्याच्या ‘.ओटीएफ’ फाइली उतरवून ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये ठेवा. परवाना मुक्त असल्यामुळे मूळ मजकुरासोबत फॉन्ट ठेवायला आणि वाटायला हरकत नाही. संगणकात आधीपासून असलेला एखादा व्यापारी फॉन्ट असा वाटू नका.

आता ‘पुस्तिका’ फोल्डरमध्येच ‘डॉकरफाइल’ नावाची फाइल करा. पहिलं अक्षर मोठं, पुढे टिंब किंवा प्रत्यय काही नाही. नोटपॅड गुपचूप ‘.टीएक्सटी’ जोडतो, ते काढून टाका. आत तीनच ओळी. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द मोठ्या अक्षरांत लिहायची रीत आहे. पहिली ओळ: ‘फ्रॉम पॅनडॉक/लाटेक:३.६’, म्हणजे या तयार इमेजवर आपण भर घालतोय. दुसरी: ‘कॉपी फॉन्ट्स/ /यूएसआर/शेअर/फॉन्ट्स/पुस्तिका/’, म्हणजे आपले फॉन्ट तिच्या आत ठेव. तिसरी: ‘रन एफसी-कॅश -एफ’, म्हणजे फॉन्टची यादी ताजी कर.

मग आज्ञा: ‘डॉकर बिल्ड -टी मराठी-पुस्तिका:१ .’ शेवटचं टिंब विसरू नका. चालू फोल्डरमधूनच सगळं घे, असं ते सांगतं. फॉन्ट खरोखर आत गेला का, हे लगेच तपासा: ‘डॉकर रन --आरएम --एंट्रीपॉइंट एफसी-लिस्ट मराठी-पुस्तिका:१’. यादीत शोभिकाचं नाव दिसलं की बरं.

आता ‘माहिती.यामल’ नावाची फाइल करा. यामल म्हणजे नाव, कोलन आणि किंमत अशा ओळींत माहिती लिहायची साधी पद्धत. यात पुस्तिकेबद्दलच्या गोष्टी, एका ओळीत एक: ‘टायटल’पुढे कोलन, जागा आणि शीर्षक; ‘लँग’पुढे रोमन ‘एमआर’, म्हणजे मराठी; ‘टीओसी-टायटल’पुढे अनुक्रमणिका, नाहीतर तिथे इंग्रजी शब्द येऊ शकतो. मग ‘मेनफॉन्ट’पुढे शोभिका, पहिलं अक्षर मोठं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: ‘मेनफॉन्टऑप्शन्स’ आणि कोलन, त्याखालच्या ओळीवर डॅश, जागा, ‘स्क्रिप्ट=देवनागरी’; स्क्रिप्टचा एस आणि देवनागरीचा डी मोठा. यामलमध्ये टॅब चालत नाही, जागाच सोडायच्या.

ही शेवटची ओळ गाळून एकदा मुद्दाम पीडीएफ काढून पाहा. फॉन्ट बरोबर असूनही ‘कि’ची वेलांटी उलट्या बाजूला जाईल आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतील. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकपद्धतीत, ‘कि’ साठवताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी असते. ती डावीकडे आणायची, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा, हे नियम फॉन्टमध्ये लिपीच्या नावाखाली लिहिलेले असतात. लिपी कोणती हे सांगितलं नाही तर ते नियम लागूच होत नाहीत. आमच्या दुसऱ्या मित्राकडे हीच एक ओळ नव्हती, आणि ती शोधायला आम्हाला दोन आठवडे लागले.

काही फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात. तुमच्या फॉन्टात ते असतील तर आणखी एक डॅश देऊन ‘लँग्वेज=मराठी’ लिहा, तेही एल आणि एम मोठे ठेवून. हिंदी वळणाचा ‘ल’ वाचता येत नाही असं नाही. पण मराठी पुस्तिकेत मराठी अक्षर दिसावं, हा माझा आग्रह आहे.

आता आधीचीच आज्ञा, इमेजच्या नावाजागी ‘मराठी-पुस्तिका:१’, आणि पॅनडॉकच्या सूचनांमध्ये ‘--मेटाडेटा-फाइल=माहिती.यामल’ आणि अनुक्रमणिकेसाठी ‘--टीओसी’ यांची भर.

पीडीएफ आली की नजर टाकून समाधान मानू नका. मी एक कसोटीचं पान ठेवते, त्यात हे शब्द असतात: किंमत, सूर्य, दुसऱ्या, कुऱ्हाड, वाङ्मय, वैशिष्ट्य, राष्ट्र, उद्ध्वस्त, ज्ञानेश्वर, ॲप, ऑफिस, बाळ. ‘दुसऱ्या’मधला आडवा र आपल्या भाषेची खूण आहे आणि फॉन्ट कच्चा असेल तर तो पहिला चुकतो. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीच्या फॉन्टांत त्या जागी चौकट दिसते. फॉन्ट किंवा टॅग बदलला की आधी हे पान काढा.

कोडच्या चौकटीत मराठी शेरे लिहीत असाल तर तिथला मजकूर अजूनही गायब असेल, कारण त्या चौकटीचा फॉन्ट वेगळा असतो. ‘मोनोफॉन्ट’ आणि ‘मोनोफॉन्टऑप्शन्स’ याच पद्धतीने भरा. आणि शोभिकात तिरपी अक्षरं नाहीत, त्यामुळे एका ताऱ्याने दिलेला जोर दिसणार नाही. दोन तारे देऊन ठळक करा.

एक उणीव सांगायलाच हवी. अशा पीडीएफमधून देवनागरी मजकूर नकलून दुसरीकडे चिकटवला तर अक्षरांचा क्रम पुष्कळदा बिघडतो आणि शोधही दरवेळी लागतोच असं नाही. म्हणून पीडीएफ छपाईसाठी द्या आणि वाचायला, शोधायला वेबपान सोबत ठेवा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी साधनं वापरणाऱ्यांनाही तेच सोयीचं पडतं. कचेरीला वर्ड फाइलच हवी असेल तर ‘-ओ’पुढे ‘.डॉकएक्स’ लिहा.

आज्ञा छोटी करणं

एवढी लांब आज्ञा रोज कुणी टाइप करणार नाही. पॅनडॉकच्या सूचना ‘पीडीएफ.यामल’ या फाइलीत उतरवा: ‘इनपुट-फाइल्स’खाली प्रकरणांची यादी, ‘आउटपुट-फाइल’, ‘पीडीएफ-इंजिन’, ‘मेटाडेटा-फाइल्स’, ‘टीओसी: ट्रू’. मग इमेजच्या नावानंतर फक्त ‘-डी पीडीएफ.यामल’ पुरतं. उरलेली डॉकरची ओळ एका शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे टर्मिनलच्या आज्ञा लिहिलेल्या फाइलीत ठेवा. ती स्क्रिप्ट विंडोजवर लिहिली असेल तर ओळीच्या शेवटची अदृश्य खूण लिनक्सला चालत नाही आणि फाइल डोळ्यांसमोर असून सापडत नाही असा निरोप येतो. संपादकात ओळींचा शेवट ‘एलएफ’ निवडा.

डॉकरफाइल, दोन्ही यामल फाइली, फॉन्ट आणि मजकूर हे सगळं गिटमध्ये एकत्र ठेवा. बनलेली पीडीएफ त्यात नको. ती केव्हाही पुन्हा काढता येते. गिटलॅब या गिटच्या संकेतस्थळावर हे काम आपोआप करवून घ्यायचं असेल तर तिथल्या मांडणीत इमेजचा ‘एंट्रीपॉइंट’, म्हणजे कंटेनर सुरू होताच चालणारा प्रोग्राम, रिकामा करावा लागतो, नाहीतर तुमच्या आज्ञा शेलऐवजी पॅनडॉककडे जातात.

जिथे इंटरनेट धड नाही, तिथे कार्यशाळा घेणाऱ्यांसाठी एक सोय आहे. ‘डॉकर सेव्ह -ओ पुस्तिका.टार मराठी-पुस्तिका:१’ म्हटलं की अख्खी इमेज एका फाइलीत येते. ती पेनड्राइव्हवर घालून न्यायची आणि दुसऱ्या संगणकावर ‘डॉकर लोड -आय पुस्तिका.टार’ म्हणायचं, काहीच उतरवावं लागत नाही. फक्त अॅपलच्या एम मालिकेच्या मॅकवर बांधलेली इमेज इंटेलच्या संगणकावर चालेलच असं धरून चालू नका. अशा वेळी बांधतानाच ‘--प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४’ हा तुकडा घाला आणि निघण्याआधी ती एखाद्या इंटेलच्या संगणकावर कसोटीच्या पानासकट चालवून पाहा.